गर्भावस्था आणि अँटिऑक्सिडंट

घरात गोड बातमी आली की सल्ल्यांपाठोपाठ औषधांच्या बाटल्याही येऊ लागतात. त्यांवर अलीकडे ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. म्हणून गर्भवतीच्या शरीरात मुळात काय घडते, हे कुटुंबातील सर्वांनी समजून घेणे हितावह आहे.

प्राणवायूच्या वापरातून पेशींमध्ये काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. त्यांना आवरणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. गर्भारपणात वार अखंड कार्यरत असल्याने असे रेणू अधिक निर्माण होतात. परंतु हा रोग नव्हे. आठव्या आठवड्यात वारेतील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरहून कमी असतो. पुढे मातेचे रक्त तेथे मुक्तपणे वाहू लागते आणि बाराव्या आठवड्यानंतर तो 50 च्या वर जातो. त्याच सुमारास वारेतील कॅटालेजसारखी संरक्षक विकरेही वाढतात. निरोगी गर्भावस्थेत खर्चाबरोबर जमाही वाढते, ती अशी.

मग जादा गोळ्या कशासाठी? ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील दोन मोठ्या चाचण्यांत गर्भवतींना रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 एकके ई जीवनसत्त्व देण्यात आले. 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गर्भारपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार त्यामुळे टळला नाही. ब्रिटनमधील चाचणीत तर कमी वजनाची बालके अधिक जन्मली. अर्थात डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या वेगळ्या. त्या बंद करू नयेत.

कंदमुळे वर्ज्य असलेल्या आहारातही ही गरज भागते. आवळा, लिंबू, मोसंबी यांतून क जीवनसत्त्व, बदाम व शेंगदाण्यांतून ई जीवनसत्त्व, तर डाळी आणि तिळातून विकरांना आवश्यक असलेले जस्त व तांबे मिळते. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असल्यास मूग, दूध आणि सुका आवळा असतोच. सूर्यास्तापूर्वी भोजन होत असल्यास दिवसभरात थोडे थोडे खावे. चातुर्मासातील उपवासाबाबत मात्र डॉक्टरांचे मत घ्यावे आणि सुनेला वा लेकीला आग्रह करू नये.

कल्पसूत्रात त्रिशलामाता गर्भरक्षणासाठी अतिउष्ण, अतिशीत, अतितिखट, अतिआंबट असा आहार टाळून ऋतूला अनुकूल अन्न घेत असल्याचे वर्णन आहे. वर्धमानांच्या मातेने गर्भासाठी पाळलेला हा संयम प्रत्येक घराने आपल्या गर्भवतीसाठी आठवावा.