शहराचा आडोसा

समलिंगी प्रवृत्ती ही विलायती शहरांतून आलेली विकृती होय, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, खरोखर परकीय होते ते इंग्रजी अमदानीतील १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम, ज्याच्या जाचातून प्रौढांचे परस्परसंमत संबंध कायमचे मुक्त होण्यास ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा यावा लागला. विलायतेतही या प्रवृत्तीला निर्धास्त थारा नव्हता: बर्लिनमध्ये माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी १९१९ साली काढलेली लैंगिक विज्ञानाची संस्था नाझींनी १९३३ मध्ये लुटून तिचे ग्रंथ जाळले. आपल्याकडे जाळण्याजोगे छापलेलेच फार थोडे होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, मुंबईत अशोक राव कवींनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक’ न्यास स्थापला. हे सारे शहरांत घडले, कारण गर्दी कोणाचे कूळ विचारीत नाही! मावळातल्या पवनानगरच्या तरुणाला मात्र तो आडोसा हवा तर कामशेत गाठून पुण्याची लोकल धरावी लागते. त्याचे मन जाणून आधार देणारा समुपदेशक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातच का नसावा? जिल्हा परिषदेने आगामी अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावी, आणि मावळातील शिक्षकांनी ती मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा.