पाटी कुठं लावायची ते आम्ही ठरवू

बाळंतपण-स्त्रीरोगात एम.एस. झाले तसं जो तो विचारतोय, "आता गावाकडं जाणार ना? तुमच्या लोकांची सेवा करायला?" विचारणाऱ्यांची पोरं डोनेशन भरून डॉक्टर झाली आन् पुण्या-ठाण्यात बसली. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझे लोक कोण? सेवा फक्त राखीव जागेवाल्यानं करायची! मित्रांनो, हे नवं बलुतं आहे. जुन्यात मेलेलं ढोर ओढायचो, नव्यात त्यांनी ओस टाकलेला दवाखाना ओढायचा.

18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्यांवर संतापले. तो घरातल्या बापाचा संताप. शेजाऱ्यानं तो उसना घेऊन आम्हाला दटावू नये.

आणि शहरात जात नसते म्हणणाऱ्या आपल्याच डॉक्टरांनो, मुंबईच्या नायरमध्ये शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीनं 22 मे 2019 ला जीव दिला. आईनं जातीय छळाची तक्रार केली. कुठं पळताय?

मी बीडलाच पाटी लावणार. सेवेसाठी नाही, हिशेबासाठी. 2019 साली सरकारी समितीसमोर आकडा आला: जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. सहातली एक! त्यात आपल्या आहेत, वंजाऱ्यांच्या आहेत, लमाणांच्या आहेत.

फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळीत अंग धरलं, खाडा पडला की मुकादम दंड लावतो. अंगावरून जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की सोनोग्राफी, मग "कॅन्सर होईल" म्हणून भीती, मग टेबल. पुष्कळदा गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. त्या ऑपरेशनलाही मुकादमाचीच उचल. पिशवी गेली, कर्ज राहिलं. हे कापणारे वैदू-भगत नव्हते, पदवीवाले होते. तेव्हा "खेड्यात डॉक्टर नाहीत" हे रडगाणं अर्धंच खरं. होते, आन् काय करत होते ते आकडा सांगतो.

जागा सोपी मिळत नाही. मेनरोडला आडनाव सांगितलं की रिकामा गाळा "कालच गेला" होतो. पेशंट पाठवणाऱ्याला कट दिला नाही तर तोही पाठ फिरवतो. मी देणार नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं माशा मारायच्या, माहीत आहे.

म्हणून जयंतीच्या वर्गणीएवढा वेळ द्या. दसरा-दिवाळीला टोळ्या हलतात. त्याआधी वस्तीत, तांड्यावर फिरा. जिला जिला पिशवी काढायला सांगितलीय, तिचे कागद घेऊन तिला माझ्याकडं आणा. तपासायचे पैसे नाहीत.