परिवर्तकाचा हट्ट

कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या परिसरांत भुयारी मेट्रोचें शेवटचें स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्यें उघडलें आणि तेथून थेट आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर गाड्या धांवूं लागल्या. डब्यांतील थंडाव्याचें कौतुक सर्वत्र ऐकूं येतें. आम्हांस मात्र गाडीच्या पोटांतील परिवर्तकाविषयीं, म्हणजे कन्व्हर्टरविषयीं, चार शब्द लिहावयाचे आहेत.

मुंबईस हें यंत्र नवें नव्हे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास देशांतील पहिली विजेची गाडी सुटली, तेव्हां उपकेंद्रांत प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करून तो १५०० व्होल्ट दाबानें तारेंत सोडीत. लोकलमार्गांवरील ही पद्धत २०१६ सालीं संपली. आतां तारेंत २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो व रूपांतर गाडीच करते. कारखान्यांतूनही वेग हवा तसा ठेवणाऱ्या मोटारींमागें असेच परिवर्तक बसले आहेत.

यांत अडचण ती हिशेबाची. वीज जोडण्यापूर्वीं कोणत्या तारेंतून किती शक्ति वाहील याचें गणित करावें लागतें. समजा, १००० व्होल्टांवर १०० अँपिअर घेणारी विजेची भट्टी आहे. दाब ९०० झाला कीं ती ९० अँपिअरच घेते. शक्ति १०० किलोवॉटवरून ८१ वर येते. म्हणजे अडचणीच्या वेळीं ती आपण होऊन ओझें हलकें करते. परिवर्तकाचें तसें नाहीं. त्यास मोटारीला १०० किलोवॉट द्यावयाचेच असतात. दाब उतरला तर तो १११ अँपिअर ओढतो. तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ती सुमारें २३ टक्क्यांनीं वाढली, आणि टोकाशीं दाब आणखी उतरला! दुष्काळांत पंगत वाढविणाऱ्या जांवयाचाच हा स्वभाव. दाब फारच घसरला कीं यंत्र एकदम बंद होतें, तेंही रुसूनच. शिवाय ब्रेक लावतांना हीच गाडी वीज तारेंत परत करते. मग भाराचा आंकडा उणे लिहावा लागतो.

अशा यंत्रास भट्टी समजून गणित मांडल्यास उत्तर सुखाचें, पण खोटें येतें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडून मुंबईचा मोठा भाग अंधारला व लोकल वाटेंतच थांबल्या. एक वाहिनी गेली असतां उरलेल्यांवर किती ओझें येईल, हें आधींच पाहावयाचें तें अशाच दिवसासाठीं.

गणिताची रीत अशी. प्रथम दाब गृहीत धरावा, त्यावरून परिवर्तकाचा प्रवाह काढावा, त्या प्रवाहानें दाब किती उतरतो तें पाहावें, आणि दोन्ही जुळेपर्यंत पुन्हां पुन्हां मांडावें. कित्येकदां आंकडे जुळतच नाहींत. आंकडेमोड तपासूनही तसेंच राहिलें, तर ती जोडणी तेवढा भार पेलणारी नाहीं असें समजून तार जाड करावी लागते, किंवा उपकेंद्र जवळ आणावें लागतें.