गावच्या वर्कशॉपसाठी लेथ घेताना



वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत टर्नरचे काम शिकलेली आपली काही मुले आता गावातच वर्कशॉप काढावे म्हणतात. विचार चांगला आहे. पंपाचा शाफ्ट झिजला किंवा मळणीयंत्राची पुली सैल झाली, की ऐन घाईत शहर गाठावे लागते आणि दिवस मोडतो. मात्र बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. लेथही तसाच पारखून घ्यावा.

आधी विजेचा विचार करावा. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नये. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो व जादा आकारणी होते. वर्कशॉपसाठी वेगळी जोडणी घ्यावी. थ्री फेज मिळणार नसेल, तर सिंगल फेज मोटरवर चालणारा लहान लेथच पाहावा.

लेथ फुटांवर विकला जातो, पण नुसत्या लांबीवर जाऊ नये. बेडपासून सेंटरची उंची 6 इंच असेल, तर 12 इंची पुली त्यावर फिरणार नाही. थोडी मोकळी जागा लागतेच. स्पिंडलचे भोकही मोजावे. लांब शाफ्टचे टोक तासताना उरलेला भाग त्या भोकातून मागे जातो. आटे पाडण्याचे सर्व गिअर, तीन व चार जबड्यांचे चक सोबत आहेत ना, हे मोजून घ्यावे.

जुना लेथ घेताना रंगाला भुलू नये. चकाजवळचा बेड सर्वांत जास्त झिजतो. सॅडल तिथे घट्ट बसवून टेलस्टॉककडे सरकवावे; वाटेत अडकले तर बेड झिजला समजा. मग चकात जाड सळई धरून 6 इंच लांब बारीक काप घ्यावा व दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. फरक आला, तर कारण कळल्याशिवाय विसार देऊ नये. पारखायला जाणता टर्नर सोबत न्यावा.

लेथ चालू असताना हातमोजे, उपरणे, सैल बाही नको. माउलींनी पदर खोचून दूरच उभे राहावे. चकाची चावी चकात कधीही विसरू नये. लहान मुलांना आत येऊ देऊ नये.

शेवटी महत्त्वाचे. कर्ज काढण्यापूर्वी एक हंगामभर वही ठेवा. गावातून कोणते काम शहरात गेले, केवढ्या मापाचे होते, किती पैसे पडले, हे त्यात लिहा. किती मोठा लेथ हवा हे त्या वहीवरून कळेल, आणि बँकेचा हप्ता निघेल की नाही हेही. हप्ता निघत नसेल, तर मुलाने आणखी वर्षभर दुसऱ्याच्या लेथवर हात बसवावा. त्यात कमीपणा नाही. कर्जापायी जमीन गहाण पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.