बागेतला फेरफटका : दिवाळीत धरलेली कळी

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भाचीचा गेल्या वैशाखात फोन आला. "मामा, अंगणातला मॅग्नोलिया यंदा फुललाच नाही हो! हे म्हणतात, काढूनच टाकू. काय करू?"

मी विचारले, "त्याला कात्री कधी लावलीस?"

"दिवाळीच्या साफसफाईत. पाने गळत आली होती, फांद्या वेड्यावाकड्या दिसत होत्या."

झाले! वसंतातली सारी फुले बाईसाहेबांनी दिवाळीतच केराच्या टोपलीत टाकली होती!

वाचकहो, या झाडाची मौज अशी की, पाने फुटण्याआधीच ते फुलांनी भरून जाते. पण त्या फुलांची तयारी आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. पाने गळाली की फांदीच्या टोकाला लवदार, करड्या कवचातली कळी दिसते. ती वाळलेली नसते, निजलेली असते. हिवाळाभर थंडी सोसल्यावर, जरा ऊब लागली की मार्च-एप्रिलात ती उमलते. म्हणून छाटणी करायची ती फुले झडल्याबरोबर. पुढे कात्री लावाल, तर येत्या वर्षाची फुले गमवाल.

तिकडे घरोघरी दिसणारा हा गुलाबी-पांढरा मॅग्नोलिया पॅरिसजवळ जन्मला. नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या सूलांज-बोदँ यांनी दोन चिनी जातींचा संकर केला आणि १८२६ साली त्याला पहिले फूल आले. झाड देखणे, पण उतावळे! चार दिवस ऊन पडले की कळ्या उमलतात, आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरला की सकाळी साऱ्या पाकळ्या तपकिरी. म्हणून ते दक्षिणेकडच्या उबदार भिंतीलगत लावू नये. तिथे कळी लवकर फसते. झाड लहान असेल तर थंडीच्या रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत पांघरावी व सकाळी काढावी. मुळे मऊ आणि वरवर असतात, तेव्हा बुंध्याशी खणू नये.

नवे झाड लावायचे असेल, तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १९५५-५६ मधल्या संकरांतून निघालेल्या आठ जाती पाहाव्यात. ॲन, बेटी, जेन, सुझन अशी त्यांची नावे. या मुली दोन ते चार आठवडे उशिरा फुलतात, म्हणून थंडीच्या तडाख्यातून बहुधा वाचतात.

आपल्या पुण्या-मुंबईत मात्र या झाडाचा हट्ट नको. इथे त्याला हवी तशी थंडी नाही. त्याचाच भाऊबंद असलेला सोनचाफा आपल्या दारी आहे, आणि सुगंधात तो कुणाला हार जाणारा नाही.

भाचीने झाड ठेवले. परवाच तिचा फोन आला. "मामा, फांदीफांदीवर कळ्या आहेत. अंगण झाडून झाले, पण कात्री यंदा ह्यांनीच लपवून ठेवली आहे!"