मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

गेल्या दोन दशकांत नागपूरचे रूप पालटले, हे कोणीही नाकारणार नाही. २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली. मुंबईशी जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. मिहान प्रकल्पात माहिती तंत्रज्ञान कंपन्या, विमानदुरुस्ती केंद्र, एम्स आणि आयआयएमसारख्या संस्था उभ्या राहिल्या. दीर्घकाळ उपेक्षा सोसलेल्या विदर्भात हे घडले, याचा आनंद मोकळ्या मनानेच व्यक्त केला पाहिजे. मात्र या प्रगतीचा ताळेबंद मांडताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला वर चढण्यासाठी या नव्या नागपुरात पायऱ्या किती उरल्या आहेत?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी गांधीसागर तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथेच कापड विणले जावे, हा त्यामागील विचार होता. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी तेथे १८८६ मध्ये, तर अपघात भरपाईची योजना १८९५ मध्ये सुरू झाली. देशात भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यायला त्यानंतर १९५२ साल उजाडावे लागले.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. गिरण्यांच्या कापडाने हातमागावरील कोष्टी आणि हलबा विणकरांचा धंदा बसला. कापसाच्या तंतूंनी कामगारांची फुप्फुसे पोखरली. देशातील अनेक गिरण्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना विणकाम खात्यात मज्जाव होता. हा कलंक यंत्रयुगानेही पुसला नाही. तरीही कायम नोकरी, ठरल्या तारखेला पगार आणि म्हातारपणाची थोडी तरतूद, एवढ्या भांडवलावर गिरणी कामगार आपल्या मुलांना शिकवू शकत होता. आज नागपुरात शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी, अभियंते म्हणून प्रतिष्ठेने वावरणाऱ्या अनेकांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी गिरणीत पाळ्या केल्या आहेत. आजच्या मध्यमवर्गाची मुळे अशी त्या भोंग्यापर्यंत जातात.

१९८६ मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. काळाबरोबर उद्योग बदलतात. बंद पडलेल्या गिरणीसाठी अश्रू ढाळत बसण्यात अर्थ नाही. दुःख वेगळे आहे. गिरणी गेली, तिच्यासोबत हेल्परचा जॉबर, जॉबरचा मास्तर होण्याची वाटही गेली. तिच्या जागी तशी दुसरी वाट तयार झाली नाही.

मिहानमध्ये हे स्पष्ट दिसते. वरच्या मजल्यावर संगणक अभियंता आहे, खालच्या मजल्यावर सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि माळी आहेत. मधला जिना मात्र अरुंद आहे. खालच्या मजल्यावरील बहुतेकांची नोकरी कंत्राटदाराच्या हातात असते. कंत्राट बदलले की गणवेश बदलतो, सेवेची वर्षे पुन्हा शून्यावरून मोजली जातात. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव या गावांनी प्रकल्पासाठी आपल्या जमिनी दिल्या. ज्या भूमीवर आजोबांनी नांगर धरला, तिच्याच फाटकावर नातवाने पहारा द्यावा आणि तोही अकरा महिन्यांच्या करारावर, याला आपण विकास म्हणणार काय?

आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा वर्गसंघर्षाचा सिद्धांत नाकारून उद्योग हे एक कुटुंब मानण्याचा विचार मांडला. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी पंक्तीतील अखेरच्या माणसाच्या उदयालाच विकासाची कसोटी मानले. हे विचार आपण सभांमधून वारंवार ऐकतो. पण वर्गसंघर्ष नाकारणाऱ्यांवर इतरांपेक्षा अधिक जबाबदारी येते. कुटुंब म्हटले की धाकट्याच्या ताटात काय वाढले आहे, हे थोरल्याने पाहायचे असते. ते पाहिले नाही, तर ‘कुटुंब’ हा शब्द केवळ कामगाराला गप्प बसविण्यासाठी उरतो.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, या त्यांतील तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना कारखाना बंद करण्यासाठी किंवा कामगार कपातीसाठी शासनाची परवानगी घेण्याची गरज उरलेली नाही, ही दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. त्यातही कायदा कागदावरून वस्तीत पोचविण्यासाठी माणसे लागतात. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक म्हणजे काय, विमा रुग्णालयात उपचार कसे मिळवायचे, आयटीआयच्या कोणत्या शाखेला मागणी आहे, हे सांगणारा जाणता माणूस बहुतेक वस्त्यांत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला पाच वर्षांत कुशल तंत्रज्ञ आणि पुढे पर्यवेक्षक होता येईल अशी शिडी कंपन्यांनी तयार करावी, यासाठी शासनानेही सवलतींच्या बदल्यात आग्रह धरला पाहिजे.

आणि प्रारंभ स्वतःपासून व्हावा. आपल्या इमारतीच्या दारात बारा तास बसणाऱ्या रक्षकाला किमान वेतन मिळते का, त्याचा निधी भरला जातो का, आठवड्याची सुट्टी असते का? सोसायटीच्या सभेत रंगकामावर तासभर चर्चा होते. हा विषय निघाला की सर्वांत स्वस्त एजन्सी निवडून आपण मोकळे होतो. ज्या कुटुंबांना एका स्थिर पगाराने दोन पिढ्यांपूर्वी वर आणले, त्यांनीच खालच्या पायऱ्या काढून घ्याव्यात, हे शोभणारे नाही. येत्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला असू द्या.