आंबील वाटता येते



आपण वारकरी दारूविरुद्ध पुष्कळ बोलतो, पण बरेचदा चुकीचे बोलतो. हे वाचून हातातला अंक खाली ठेवू नका. माझ्या गळ्यात माळ पडून चाळीस वर्षे झाली. त्यातली तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. गेल्या मार्गशीर्षात मात्र तेवीस वर्षांच्या एका पोराने मला दोन्ही विषयांत नापास केले. ते कसे, ते सांगतो. मग माझे म्हणणे पटते का, ते आपणच ठरवा.

आमच्या गावी मार्गशीर्षात अखंड हरिनाम सप्ताह असतो. माझा पुतण्या पुण्याला नोकरी करतो. सप्ताहाच्या आधीच तो गावी आला होता, घरी बसून कचेरीचे काम करायला. तिसऱ्या दिवशी काकडा आटोपला तसा तो हळूच म्हणाला, "काका, जरा माडीवर येता? एक विचारायचं होतं."

माडीवर पोत्यांच्या आड वीस लिटरची झाकणाची बादली होती. झाकणातून नळी काढलेली, नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले. आत चार किलो साखर, दोन किलो ज्वारी आणि पावाला वापरतात ते यीस्ट. ज्वारीला आधी मोड आणून, वाळवून, भरडून घेतले होते. सगळे कुठून कुठून वाचून केलेले. "चार दिवस मस्त बुडबुडे येत होते," तो म्हणाला, "कालपासून थांबलेत. मेलं का हे?" प्रयोगवहीतले उत्तर न जुळल्यावर मुले जशी तोंडे करतात, तसे त्याचे तोंड झाले होते.

"आणि पुढे?" मी विचारले.

"पुढे गाळायचं. मित्राकडे तांब्याचं भांडं आहे. एकदाच करून बघायचंय, काका."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. मार्गशीर्षातल्या पहाटे माडीवर हात गारठतात, तिथे यीस्ट गारठले तर नवल काय? पण ते उत्तर मी दिले नाही. मी रागावलो आणि आपण सगळे जी तीन उत्तरे देतो तीच एकामागून एक दिली.

पहिले उत्तर भीतीचे. "आंधळा होशील! मालवणीला काय झालं, ठाऊक आहे ना?" तो शांतपणे म्हणाला, "काका, मालवणीच्या दारूत मिथेनॉल होतं. माझ्या बादलीत ते कुठून येणार?" माउली, पोराचे म्हणणे खरे होते. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे मेली, ती कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूच्या नावाने विकले गेले म्हणून. आंबताना मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः फळांच्या गरातल्या पेक्टिनमधून. साखर आणि धान्य आंबवले तर ते नगण्य असते. मी विज्ञानाचा शिक्षक. मला हे माहीत होते, तरीही पोराला भिववण्यासाठी मी अर्धसत्य वापरले. असे अर्धसत्य एकदा पकडले गेले की पुढचे पूर्ण सत्यही मुले ऐकत नाहीत.

दुसरे उत्तर कायद्याचे. "1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय गाळलीस तर पोलीस नेतील." तेही खरेच. पोलीस ज्याला कच्चे रसायन म्हणतात आणि धाड घालून ओतून देतात, तेच त्या बादलीत होते, फक्त गूळ-नवसागराच्या जागी साखर आणि यीस्ट. पण तो म्हणाला, "न्यूझीलंडमध्ये स्वतःपुरती घरी गाळायला 1996 पासून मुभा आहे. मी तिथं राहायला गेलो तर मग चालेल ना तुम्हाला?" मला उत्तर सुचले नाही. कायदा पाळलाच पाहिजे, आणि इथे घरी गाळणे हा गुन्हाच आहे. पण जे पाप केवळ सीमेच्या अलीकडे आहे म्हणून पाप, ते पाप कसले?

तिसरे उत्तर माळेचे. "माळकऱ्याच्या घरात हे चालायचं नाही!" यावर तो काहीच बोलला नाही. माळ माझ्या गळ्यात होती, त्याच्या नव्हती. आपली माळ दुसऱ्यापुढे कारण म्हणून ठेवली की ती त्याला कुंपणासारखी दिसते. कुंपणापलीकडे काय आहे हे पाहावेसे कुठल्या तरुणाला वाटत नाही?

मग त्याची पाळी आली. "काका, आंबील आंबवलेलीच ना? इडली आंबवलेली, दही विरजलेलं. तुमच्या काल्यात दही असतं, म्हणजे देवालाही आंबलेलं चालतं. मग माझ्या बादलीनं काय घोडं मारलंय?"

वाचकहो, हा पूर्वपक्ष नीट ऐका. याला उत्तर न देता जो कीर्तनकार गरजतो, तो टाळ्या मिळवतो, पण पोर गमावतो. बादलीतल्या ज्वारीला मोड आणले होते. आपल्या घरच्या बाया नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व तान्ह्या लेकराला भरवतात, तीच ही वाट. मोड येताना धान्यात जे पाचक रस तयार होतात ते पिठूळ भागाची साखर करतात, म्हणून ती पेज पातळ होते आणि बाळाला पचते. यीस्ट तर जीवच, देवाने केलेला. साखर खावी, निम्मी मद्यार्क करावी, निम्मी वायू करून सोडावी, हा त्याचा धर्म. म्हणजे आंबण्याच्या पायरीपर्यंत पोराला पापी ठरवायला मला जागाच नव्हती.

मग वाट कुठे फुटते? त्या दिवशी मला सांगता आले नाही. ते सांगितले माझ्या वहिनीने, तेही आपण काही सांगतो आहोत हे तिला ठाऊक नसताना.

सप्ताहात आमच्याकडे रोज घरोघरच्या भाकरी गोळा होतात. आमटी देवळात शिजते. भाकरी टोपल्यांतून येतात आणि एका ढिगात पडतात. कुणाची भाकरी कुणाच्या ताटात जाते, कळत नाही. चौथ्या दिवशी वहिनी दळणासाठी ज्वारी मोजायला बसली, तर दोन किलो कमी. ती कुणावर रागावली नाही. स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे आपल्या घरच्या वीसेक भाकरी कमी पडायच्या." पोर तिथेच उभे होते. ते वर गेले आणि त्याने बादली उकिरड्यावर नेऊन ओतली. माझ्या तीन उत्तरांनी जे झाले नाही, ते वीस भाकऱ्यांनी झाले.

माउली, सिद्धान्त इथे आहे. अन्नाची परीक्षा पंगतीत होते. आंबील लेकराला देता येते, म्हाताऱ्याला देता येते, दारी आलेल्या अनोळखी वारकऱ्याला देता येते, देवापुढे ठेवता येते. काला तर असतोच वाटण्यासाठी. एकट्याने खाल्ला तर तो काला राहत नाही, नुसते दहीपोहे होतात. आता बादलीकडे पाहा. यीस्ट शंभरात दहा-पंधरा भाग मद्यार्क झाला की त्यातच मरते. स्वतःच्या करणीतच बुडून मरणारा हा जीव. निसर्गाने तिथे हात आखडला. भट्टी त्याच्या पुढे जाते. पाणी 100 अंशांना उकळते, मद्यार्क 78 अंशांना. हा फरक धरून तो वेगळा काढायचा आणि घट्ट करायचा. निम्मी साखर आधीच वायू होऊन उडाली. धान्याचा चोथा फेकला किंवा गुरांना घातला. एवढ्या अन्नातून जे उरले, ते कुणाच्या ताटात घालाल? लेकराच्या नाही, गर्भारशीच्या नाही, देवाच्या नाही.

कुणी म्हणेल, ठेचाही तान्ह्याला देत नाहीत. खरे आहे. पण ते तान्हे मोठे झाले की ठेचा त्याचे काही बिघडवत नाही. मद्य मोठ्या माणसालाच बिघडवते, आणि त्याच्याबरोबर न पिणारे घरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 सालीच कर्करोगाच्या पहिल्या गटातल्या कारणांत घातले. त्यात महाग-स्वस्त, घरचे-दुकानचे असा भेद केला नाही. म्हणून "घरची आहे, शुद्ध आहे" या बोलण्याला अर्थ नाही. भेसळीचे विष लवकर मारते, एवढाच फरक. उत्तम गाळलेल्या, नितळ दारूतला मद्यार्कच मुळात विष आहे. पोराला मिथेनॉलची भीती घालण्याऐवजी मी हे सांगायला हवे होते.

आणि कुणी म्हणेल, मित्रांत वाटून पिऊ. पण जिथे कुणाला बोलवायचे आणि कुणापासून लपवायचे हे आधी ठरवावे लागते, ती पंगत नव्हे. माडीवर पोत्यांच्या आड ठेवलेली बादली हेच सांगत होती. आंबिलीचे मडके कुणी पोत्यांच्या आड ठेवत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण दर सप्ताहात ऐकतो. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना लुटवली आणि विठ्ठल महाराचे रूप घेऊन त्यांचे देणे फेडायला गेला. ज्या ज्वारीसाठी देव धावला, तिची दारू करण्याच्या कारखान्यांना 2007 नंतर आपल्या राज्यात सरकारी अनुदान देऊ केले गेले. विरोध करणारे होते. पण त्यांत आपल्या फडांचे, दिंड्यांचे आवाज किती होते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. पुतण्याच्या दोन किलो ज्वारीवर गरजलेला मी त्या वेळी गप्प होतो.

आता आपल्याच पंगतीविषयी. काल्याच्या दिवशी सकाळी पुतण्या माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, एक विचारू? रागावू नका. आजचा शिधा कुणाचा?"

देवळाबाहेर भला मोठा फलक होता. काल्याच्या महाप्रसादाचे अन्नदाते म्हणून ज्यांचे नाव आणि छायाचित्र त्यावर होते, त्यांचा तालुक्याच्या रस्त्यावर परमिट रूम आहे. गावाला ठाऊक, समितीला ठाऊक, मलाही ठाऊक. मी समितीत आहे.

"माझ्या बादलीतली वाटता येत नाही म्हणता," तो म्हणाला, "मग त्यांची कशी वाटली?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्या दिवशी मी काला घेतला, पंगतीतही जेवलो. उठून जाण्याचे धाडस झाले नाही. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. बाबा विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढत. तो प्रश्न त्या दिवशी एका पोराने विचारला आणि आम्ही सगळे भात कालवत बसलो.

त्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही. त्याच्याकडे परवाना आहे आणि त्याची भक्तीही खोटी नसेल. त्याने पंगतीत यावे, आपल्या शेजारी बसावे, टाळ घ्यावा. पंढरीच्या वाटेवर कुणाला अडवायचा अधिकार मला नाही. पण ज्या पैशासाठी कुणाच्या घरातली चूल विझली, त्याच पैशाने आपण देवाची चूल पेटवायची का? नवऱ्याने मजुरी त्या काउंटरवर ठेवली म्हणून जिचे लेकरू उपाशी निजले, तीच बाई काल्याला येते आणि फलकाखालून वाकून आत जाते. तिच्या ताटात आपण तिचाच पैसा वाढतो आणि वर दात्याच्या नावाचा जयघोष करतो.

यंदाच्या बैठकीत मी हे मांडले. दोघांनी मान डोलावली. बाकीचे म्हणाले, "कशाला वाकडं घ्यायचं? एवढा खर्च कोण करणार?" निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तिथेही मी हेच बोलणार. जिलेबी नको, दोन भाज्या नकोत. काल्याच्या दिवशीही घरोघरची भाकरी आणि देवळातली आमटी पुरे. कमी पडली तर अर्धी अर्धी खाऊ.

आणि आपणही, माउली, आपल्या गावच्या फलकाकडे एकदा नीट पाहा. महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची सोय कायद्यात आहे, उभी-आडवी बाटली म्हणून गावागावांत ती माहीत आहे. तसे मतदान झाले तर टाळकरी म्हणून आपण त्या बायांच्या मागे उभे राहणार की तटस्थ, हे आजच ठरवा. आणि आपल्या घरच्या माडीवर एखादी बादली सापडली, तर खोट्या भीतीने पोराला हाकलू नका. त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्या. मग त्याला खाली आणा, परातीपुढे बसवा, पीठ मळायला सांगा.

माझ्या पुतण्याला बसवले होते. त्याच्या पहिल्या तीन भाकरी चिरल्या. त्याही टोपलीत गेल्या आणि कुणाच्या तरी पोटात गेल्या.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!